यंत्र वकिलीची परीक्षा पास झालं, पण पेपर कुणी तपासला?

आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला गेला: वकिलांचं काय होणार? त्याचं उत्तर आज मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही परीक्षेबद्दल बोलणार आहोत. परीक्षा घेणं आणि पेपर तपासणं हा आमच्यासारख्या कायदा शिकवणाऱ्यांचा रोजचा धंदा. त्यामुळे 'यंत्राने वकिलीची परीक्षा दिली आणि शंभरात नव्वद जणांना मागे टाकलं' असं कुणी म्हटलं की आमचा हात आपोआप लाल पेनकडे जातो.

तो दावा आधी नीट मांडू. मार्च २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने जीपीटी-४ हे भाषा-मॉडेल जाहीर केलं. त्याच सुमारास डॅनियल कॅट्झ, मायकेल बोमारिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्याचं सार असं की, अमेरिकेतली युनिफॉर्म बार एक्झाम हे मॉडेल पास झालं. चारशेपैकी सुमारे २९८ गुण. कंपनीने त्याचा अर्थ सांगितला: परीक्षार्थींच्या वरच्या दहा टक्क्यांत. जगभर बातम्या झाल्या, आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही झाल्या.

ही परीक्षा कशी असते? तिचे तीन भाग. पहिला दोनशे बहुपर्यायी प्रश्नांचा, त्याला निम्मे गुण. दुसरा सहा निबंधवजा उत्तरांचा, प्रत्येकी अर्धा तास. घटना दिलेली असते, त्यातले कायद्याचे मुद्दे शोधायचे, नियम सांगायचा, तो घटनेला लावायचा आणि निष्कर्ष काढायचा. तिसरा भाग प्रत्यक्ष कामाचा. कागदपत्रांची फाईल हातात देतात आणि मसुदा लिहायला सांगतात, असे दोन मसुदे, प्रत्येकी दीड तास. म्हणजे निम्मे गुण गोल भरण्याचे आणि निम्मे लिहिण्याचे. आजचं आमचं बोलणं मुख्यतः या दुसऱ्या निम्म्यावर.

आता 'नव्वद जणांना मागे टाकलं' हे बघा. मागे कुणाला टाकलं? ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, फेब्रुवारीत आणि जुलैत. जुलैला ताज्या पदवीधरांची गर्दी असते. फेब्रुवारीला जुलैत नापास झालेले मोठ्या संख्येने पुन्हा बसतात. नव्वदचा आकडा इलिनॉय राज्याच्या फेब्रुवारीच्या परीक्षार्थींशी तुलना करून आलेला. आपल्या भाषेत सांगायचं तर दहावीच्या फेरपरीक्षेच्या बाकावर बसून वर्गात पहिलं येण्यासारखं. गुण खोटे नाहीत, पण वर्ग कुठला ते सांगायला नको का?

एरिक मार्टिनेझ या संशोधकाने हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नीट तपासलं. त्यांचे अंदाज असे. जुलैच्या परीक्षार्थींशी तुलना केली तर यंत्राचं एकूण स्थान नव्वदवरून एकोणसत्तरच्या खाली येतं, आणि निबंधांपुरतं बघितलं तर साधारण अठ्ठेचाळीसवर. पहिल्यांदाच बसणाऱ्यांशी तुलना केली तर एकूण बासष्ट, निबंधांत बेचाळीस. आणि जे प्रत्यक्ष पास झाले, म्हणजे ज्यांना सनद मिळाली किंवा मिळणार आहे, त्यांच्याशी तुलना केली तर एकूण अठ्ठेचाळीस आणि निबंधांत पंधरा. म्हणजे लिहिण्याच्या कामात शंभर वकिलांपैकी साधारण पंच्याऐंशी जण यंत्राच्या पुढे.

मूळ संशोधकांवर अन्याय नको. त्यांनी यंत्राची उत्तरं लोकांसमोर ठेवली, म्हणूनच इतरांना ती तपासता आली. आणि २९८ गुण हे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहेत, ही गोष्ट मार्टिनेझ यांच्या तपासणीनंतरही बाकी राहते. शिवाय २०२३ नंतर मॉडेलं बरीच पुढे गेली आहेत. तेव्हा 'यंत्राला काही येत नाही' असं म्हणून हात झटकणाऱ्यांच्या बाजूने आम्ही उभे नाही. मापायची पद्धतच सदोष असेल तर यंत्र सुधारलं तरी आकड्यावरचा विश्वास वाढत नाही, एवढंच आमचं म्हणणं आहे.

सगळ्यात मोठा दोष निबंधाच्या तपासणीत आहे. गोल भरलेला पेपर कुणीही तपासला तरी गुण तेच येतात. निबंधाचं तसं नाही. आपल्या विद्यापीठांत काय करतो आपण? आदर्श उत्तर काढतो, प्रत्येक मुद्द्याला गुण ठरवतो, काही पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवतो. अमेरिकेतही निबंध तपासणाऱ्यांना आधी बसवून एकमेकांशी गुण जुळवून घेतात. जीपीटी-४ चे निबंध मात्र त्या अधिकृत परीक्षकांकडे गेलेच नव्हते. संशोधकांनी स्वतःच गुण दिले, आणि देताना हे उत्तर यंत्राचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. तपासणाऱ्याला उमेदवाराचं नाव माहीत असेल तर आपण तो पेपर बाद धरतो की नाही?

यावर आता तोडगा म्हणून यंत्राचे पेपर तपासायलाही यंत्रच बसवतात. कारण साधं आहे: हजारो निबंध माणसांनी तपासायचे म्हणजे खर्च आणि वेळ. स्वित्झर्लंडमध्ये कायद्याच्या ३४० परीक्षांचे प्रश्न जमवून केलेली 'लेक्झाम' नावाची एक चाचणी आहे. तिथे यंत्र-परीक्षकाचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी पडताळून बघितले. तेवढी काळजी सगळीकडे घेतात असं नाही. आणि परीक्षक-यंत्रांच्या सवयी संशोधनातून पुढे आलेल्या आहेत: लांब उत्तराला झुकतं माप, आधी वाचलेल्या उत्तराला झुकतं माप, आपल्याच घराण्यातल्या उत्तराला झुकतं माप. असा परीक्षक आपण बोर्डावर नेमला असता का?

तपासण्याचं सोडा, आता पेपर काढायलाही यंत्र बसलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वकिली परीक्षेत गुण मोजलेल्या १७१ बहुपर्यायी प्रश्नांपैकी २३ प्रश्न यंत्राच्या मदतीने तयार केलेले होते. हे उमेदवारांना परीक्षा झाल्यावर एप्रिलमध्ये कळलं. म्हणजे पेपर काढणारा, लिहिणारा आणि तपासणारा एकाच गावचे होत चालले आहेत.

आता आपल्याकडे येऊ. भारतात वकिलीच्या सनदेशी जोडलेली परीक्षा म्हणजे ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ती २०१० मध्ये आणली, पहिली परीक्षा २०११ मध्ये झाली. ती घेण्याचा अधिकार कौन्सिलला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी सांगितलं. या परीक्षेत शंभर प्रश्न, सगळे बहुपर्यायी. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. खुल्या प्रवर्गाला पंचेचाळीस टक्के मिळाले की पास. टिपा नसलेली कायद्याची मूळ पुस्तकं सोबत नेता येतात. आणि निबंध? एकही नाही. एक ओळ लिहावी लागत नाही.

मग उद्या 'यंत्र भारतातली वकिलीची परीक्षा पास' अशी बातमी आली, तर तिचा अर्थ किती? ज्याच्या पोटात अख्खी कायद्याची पुस्तकं आहेत, त्याने पुस्तकं सोबत नेऊ देणाऱ्या परीक्षेत पंचेचाळीस टक्के मिळवले. त्यात जुने पेपर उत्तरांसकट इंटरनेटवर पडलेले. यंत्राने ते वाचले नसतील याची खात्री कोण देणार? पेपर फुटला असं आपण ज्याला म्हणतो, ते इथे कुणी न फोडताच घडतं.

आमच्या टीकेचा गाभा मात्र याच्याही खाली आहे. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. स्वयंपाकघरात एक शीत दाबून बघतात आणि अख्खं पातेलं शिजलं असं समजतात. हे का चालतं? कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर असतात. वकिलीची परीक्षा हेच करते. ज्या मुलीने अर्ध्या तासात करारभंगाचं नीट उत्तर लिहिलं, तिने वर्ग केले असतील, पुस्तक चाळलं असेल, चुकीचा निवाडा सांगितला तर न्यायाधीश काय म्हणतील याचा धाक तिला असेल. पक्षकाराची तारीख चुकवायची नसते हे ती शिकेल. एका उत्तरावरून बाकीच्या गोष्टींचा अंदाज बांधता येतो, कारण माणसात त्या सहसा एकत्र येतात.

यंत्रात त्या एकत्र येतात असं मानायला काहीच आधार नाही. ते झकास निबंध लिहील आणि पुढच्याच वाक्यात अस्तित्वात नसलेला निवाडा तारखेसकट सांगेल. एक शीत मऊ, शेजारचं कच्चं. माणसासाठी बांधलेली परीक्षा यंत्राला लावली आणि निकालही माणसासारखाच वाचला, तर फसगत तिथे होते.

नुसतं तत्त्व नको, आपल्या जिल्ह्यातला प्रश्न घेऊ. समजा निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराचा बागेत जायचा रस्ता शेजाऱ्याच्या बांधावरून आहे. वर्षानुवर्षं बैलगाडी, आता ट्रॅक्टर जातो. शेजाऱ्याने पावसाळ्यात तिथे चारी खोदली. बोलाचाली झाली, गावच्या बैठका झाल्या, त्यात आठ महिने गेले. माल काढणीला आलाय आणि गाडी आत जात नाही. शेतकऱ्याने काय करावं? दहा गुण.

सफाईदार उत्तर काय म्हणेल? सुविधाधिकार कायदा, १८८२. कलम १५, वीस वर्षांचा अखंड वापर. दिवाणी न्यायालयात दावा, तात्पुरता मनाई हुकूम. शेवटी 'तज्ज्ञ वकिलाचा सल्ला घ्यावा' हे शेपूट. यात चूक काही नाही. परीक्षक भाषेवर भुलला तर दहापैकी सहा देऊन मोकळा होईल.

पण नाशिकच्या तहसील कचेरीत चार दिवस काढलेला माणूस काय बघेल? तो आधी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ शोधेल. त्याच्या कलम ५ खाली वहिवाटीच्या शेतरस्त्यातला अडथळा तहसीलदार दूर करू शकतात, तो या भागातला नेहमीचा मार्ग. मात्र तिथे अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. इथे आठ महिने झालेत. हा प्रश्नातला खरा काटा. मग तो विचारेल, की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ लागतं का? ते दुसऱ्याच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, शेतात जायच्या हक्काचं. तिथे ही सहा महिन्यांची अट नाही. मग गाव नकाशावर हा रस्ता दाखवलाय का? दाखवला असेल तर तो शेजाऱ्याच्या मर्जीचा विषयच राहत नाही. आणि दिवाणी दावा करायचाच असेल, तर कलम १५ ची वीस वर्षं दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली हवीत. म्हणजे तिथेही घड्याळ चालूच आहे.

बघा, पहिल्या उत्तरात खोटं काही नव्हतं, आणि तरी ते घेऊन माणूस नको त्या दारात गेला असता. उलट, सहा महिन्यांची मुदत न सांगता कुणी 'मामलतदार कोर्टात जा' म्हणालं, तर अर्ज मुदतबाह्य ठरून फेटाळला जाण्याची भीती. शिक्षा कुणाला? निबंध लिहिणाऱ्याचे दोन गुण जातात. शेतकऱ्याचा हंगाम जातो.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. परीक्षेच्या प्रश्नात 'आठ महिने' हे शब्द छापलेले असतात. खरा पक्षकार येतो तो 'साहेब, रस्ता अडवला' एवढंच म्हणत. कधी अडवला, नकाशा आणलाय का, सातबारा कुणाच्या नावे, हे वकिलाने विचारून काढायचं असतं. चांगला वकील उत्तर द्यायच्या आधी चार प्रश्न विचारतो. निबंधाची परीक्षा हे कधीच मापत नाही. माणसाच्या बाबतीत ती उणीव ज्येष्ठ वकिलाकडची उमेदवारी भरून काढते. यंत्राची उमेदवारी कुणाकडे?

दुसरा प्रश्न फौजदारीचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. नव्या संहितेत ३०२ आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावतील असे शब्द उच्चारण्याबद्दल आहे. फसवणुकीचं ४२० आता ३१८, आणि नव्या संहितेत ४२० क्रमांकच नाही, कारण ती ३५८ कलमांवर संपते. दीडशे वर्षांहून जास्त काळचे निवाडे, पाठ्यपुस्तकं, बातम्या सगळ्या जुन्या आकड्यांनी भरलेल्या. यंत्र शिकलंय त्याच ढिगातून. आता विचारा: गुन्हा मे २०२४ मधला, फिर्याद ऑगस्टमध्ये नोंदवली, कुठला कायदा? गुन्ह्याची व्याख्या आणि शिक्षा जुन्या संहितेची, तपासाची कार्यपद्धती मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. असा दुपदरी प्रश्न विचारला की पाठांतर आणि समज वेगळी दिसायला लागते. परदेशातल्या कुठल्याही चाचणीत हा प्रश्न नसणार, आणि आपण तो घातला नाही तर कुणीच घालणार नाही.

तिसरा मुद्दा भाषेचा, आणि कुसुमाग्रजांच्या गावात तो टाळता येत नाही. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, पण जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, १९९८ च्या शासन अधिसूचनेने ती ठरली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निवाड्यांच्या भाषांतरासाठी 'सुवास' ही यंत्रणा आणली, तिच्यातून मराठीतही भाषांतरं होतात. चांगली गोष्ट आहे. पण आमची कायद्याची मराठी ही नुसती भाषांतराची मराठी नाही. 'कूळ' म्हणजे घराणं, आणि कुळकायद्यात कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. 'वहिवाट' कधी जमीन कसणं असते, कधी रस्त्याचा वापर, कधी नुसती रीत. साठेखत आणि खरेदीखत यांत मालकीचा फरक पडतो. हक्कसोडपत्र आणि बक्षीसपत्र यांची गल्लत झाली तर बहिणीचा हिस्सा कुठल्या कुठे जातो. इंग्रजी निबंधात मिळालेल्या गुणांवरून हे शब्द यंत्राला कळतात असं ठरवणं म्हणजे लंडनमध्ये गाडी चालवली म्हणून नाशिकच्या मेन रोडवर सोडून देणं.

हे सगळं कागदी वाद नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी यंत्राने रचलेले निवाडे दाखल केले. हे निवाडे खरे आहेत का, असं त्यांनी यंत्रालाच विचारलं होतं, आणि ते हो म्हणालं होतं. न्यायालयाने पाच हजार डॉलर दंड केला. लांब कशाला जायचं? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने ज्या निवाड्यांचा आधार घेतला होता ते अस्तित्वातच नव्हते. यंत्रातून आलेलं उत्तर पडताळल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयाला सांगावं लागलं. वकील चुकला तर अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होते, सनद जाऊ शकते. यंत्राची कुठली सनद काढून घेणार?

कुणी म्हणेल, तालुक्याच्या ठिकाणी नव्याने वकिली सुरू केलेल्या मुलाकडे ग्रंथालय नाही, महागडी निवाडे-सेवा परवडत नाही, त्याला हे साधन म्हणजे आधार आहे. अगदी खरं आहे, आणि म्हणूनच आम्ही चिडून बोलतो आहोत. ज्याच्याकडे चार ज्येष्ठ आणि पुस्तकांची कपाटं आहेत, तो यंत्राची चूक पकडेल. ज्याच्याकडे काही नाही, तोच यंत्रावर सर्वांत जास्त विसंबणार, आणि त्याच्याच भाषेत, त्याच्याच कायद्यांवर यंत्राची नीट परीक्षा झालेली नाही.

मग परीक्षा कशी घ्यावी? आमच्या सूचना साध्या आहेत, आणि एखाद्या जिल्ह्याच्या वकील संघाला आणि विधी महाविद्यालयाला मिळून करता येतील अशा. प्रश्न नवे काढा, कुठे छापलेले नकोत. ते मराठीत काढा, कागदपत्रांच्या मराठीत. यंत्राची उत्तरं आणि तरुण वकिलांची उत्तरं एकत्र मिसळा, आणि तपासणाऱ्याला कुणाचं कुठलं ते कळू देऊ नका. दोन परीक्षक नेमा, गुण फार वेगळे आले तर तिसरा. खोटा निवाडा किंवा चुकीची मुदत सांगितली तर शून्यावर थांबू नका, गुण वजा करा, कारण पक्षकाराचंही नुकसानच होतं. काही प्रश्नांतली माहिती मुद्दाम अपुरी ठेवा, आणि 'तारीख सांगा, मग बोलतो' असं म्हणणाऱ्याला पूर्ण गुण द्या. तोच प्रश्न पाच वेळा विचारा, कारण यंत्र सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं सांगू शकतं. आणि शेवटी सगळी उत्तरं, चुकांसकट, लोकांसमोर ठेवा.

या परीक्षेत यंत्र चांगलं उतरलं तर आम्हाला आनंदच होईल. शेतरस्त्यासाठी खेटे घालणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी 'सहा महिन्यांच्या आत तहसीलला अर्ज कर' असं कुणी बरोबर सांगितलं, तर ते माणसाने सांगितलं की यंत्राने, याचं आम्हाला सोयरसुतक नाही. ते बरोबर असेल याची हमी मात्र हवी, आणि ती हमी नव्वदच्या त्या आकड्यात नव्हती.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा चारच गोष्टी विचारा. वर्गात बाकी कोण होतं? पेपर कुणी तपासला? कुठल्या भाषेत, कुठल्या कायद्यावर? आणि चुकीची किंमत कुणी मोजायची होती? या चौथ्या प्रश्नावर तुमच्या शंका ऐकायला आम्हाला आवडेल. समोर काही वकील मंडळी आणि काही शेतकरीही बसलेले दिसताहेत, त्यांनी आधी बोलावं.